ऑक्सिजन, पंधरा तास आणि जतची लाईट

परवा जतहून आतेभावाचा फोन आला. आत्याला डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन लावायला सांगितलंय. आत्यानं आयुष्यात विडी ओढली नाही, पण चाळीस वर्षं तुराट्या आणि शेण्यांच्या चुलीपुढे बसून भाकऱ्या थापल्या. निदान सीओपीडी. भावाचे प्रश्न तीन: सिलिंडर घ्यायचा की मशीन? दुकानदार म्हणतो दहा लिटरचं घ्या, ते खरं का? आणि शेजारी म्हणतात ऑक्सिजनची सवय लागते, मग रात्री तेवढा लावला तर?

मी पडलो सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण उत्तरं शोधता शोधता इतिहासात शिरलो, आणि गंमत म्हणजे तिन्ही उत्तरं तिथेच सापडली.

हवेतून ऑक्सिजन वेगळा काढायची कारखानदारी सुरू झाली ती जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडेमुळे. त्याने १८९५ मध्ये हवा द्रवरूप केली आणि पुढे १९०२ च्या सुमारास त्यातून ऑक्सिजन बाजूला काढला. पण बरीच वर्षं तो हॉस्पिटलातच राहिला. जुनाट फुफ्फुसरोग्याला घरी, महिनोन् महिने ऑक्सिजन देणं धोक्याचं, अशीच बहुतेक डॉक्टरांची समजूत. म्हणजे शेजाऱ्यांचं मत एके काळी डॉक्टरांचंही होतं! १९६० च्या दशकात अमेरिकेत डेन्व्हरच्या टॉमस पेटी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना ऑक्सिजन सोबत घेऊन चालायला लावलं, तेव्हा ही समजूत हलायला लागली.

मग दोन मोठे अभ्यास झाले. १९८० मध्ये अमेरिकेतल्या २०३ रुग्णांचा निकाल आला. एका गटाला फक्त रात्री सुमारे १२ तास ऑक्सिजन, दुसऱ्याला शक्य तितका दिवसभर (प्रत्यक्षात साधारण १८ तास). फक्त रात्री घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जवळजवळ दुप्पट! १९८१ मध्ये ब्रिटनचा अभ्यास आला: ८७ रुग्ण, अर्ध्यांना रोज किमान १५ तास ऑक्सिजन, बाकीच्यांना अजिबात नाही. पाच वर्षांत ऑक्सिजनवाल्या ४२ पैकी १९ गेले, बिनऑक्सिजनच्या ४५ पैकी ३०.

डॉक्टर 'पंधरा तास' म्हणतात तो आकडा हा असा आला. सवय वगैरे काही नाही. रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असेल तर फक्त रात्री नव्हे, रोज किमान पंधरा तास लावला की फायदा. 'खरोखर कमी' हे मात्र महत्त्वाचं. २०१६ मध्ये ७३८ रुग्णांचा अभ्यास आला, त्यात थोडीशीच कमतरता असलेल्यांना काही फायदा दिसला नाही. म्हणून आधी तपासणी, मग खरेदी. (आत्याचं बसल्या जागी ८५-८६ येतं, त्यामुळे तिच्या बाबतीत शंका नव्हती.)

आता मशीन. कॉन्सन्ट्रेटरच्या पोटात झिओलाइट नावाच्या खनिजाचे दाणे असतात. निसर्गातले झिओलाइट आपल्या दख्खनच्या काळ्या दगडातही सापडतात, पुणे-नाशिक-जळगावचे तर जगभरच्या संग्रहालयांत आहेत! मशीनमधले मात्र कारखान्यात बनवलेले. दाबाखाली हवा सोडली की हे दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. दाब काढला की नायट्रोजन सुटतो. दोन नळकांडी आलटून पालटून हेच काम करतात (आपल्या भाषेत लोड बॅलन्सिंग :-)). अमेरिकेत चार्ल्स स्कारस्ट्रॉमला या पद्धतीचं पेटंट १९६० मध्ये मिळालं, आणि १९७० च्या दशकात घरगुती मशीनं आली. ऑक्सिजन ९० ते ९६ टक्के शुद्ध मिळतो. सिलिंडर भरायची कटकट नाही, पण वीज पाहिजे.

आता हिशोब करू. आत्याला डॉक्टरांनी मिनिटाला २ लिटर सांगितलाय. १५ तासांचे झाले १८०० लिटर. लहान सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर मावतात, म्हणजे तो एक दिवसही पुरत नाही. जम्बोत ७०००, जेमतेम चार दिवस. दर चार दिवसांनी जतहून सांगली-मिरज कोण करणार? पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॉट घेतं, म्हणजे दिवसाला पाच-सव्वापाच युनिट. दहा लिटरचं जास्त वीज खातं, आवाजही जास्त करतं आणि आत्याला त्याचा उपयोग शून्य. उलट 'ताकद' म्हणून कुणी नॉब वाढवला तर सीओपीडीत रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढून माणूस गुंगीत जाऊ शकतो. डॉक्टर सांगतील तेवढाच प्रवाह.

शेवटी फोन आत्याकडे गेला. म्हणाली, "सगळं खरं रं बाबा, पण लाईट गेली मग काय करायचं?"

अख्ख्या इतिहासात मला न सुचलेला प्रश्न! २००५ नंतरच्या भारनियमनाची वर्षं जतकर विसरलेले नाहीत. पंधरा तासांचा आकडा ज्या देशांतून आला, तिथे वीज गृहीत धरलेली होती. आत्यानं ती धरली नाही.

म्हणून ठरलं ते असं: पाच लिटरचं मशीन, सोबत स्टॅबिलायझर. चांगल्या बॅटरीचा इन्व्हर्टर, जो तीन-चार तास ओढेल. आणि कोपऱ्यात भरलेला एक लहान सिलिंडर, जो २ लिटरने बारा तास देईल. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात आहेच. दुकानदाराला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: मशीन बिघडलं तर किती दिवसांत माणूस जतला येईल, आणि तोवर बदली मशीन मिळेल का?

एक गोष्ट भावाला दोनदा सांगितली. ऑक्सिजन चालू असताना जवळ चूल, गॅस, उदबत्ती, निरांजन काही नको. आत्या म्हणाली, "मग देवाला दिवा कोण लावणार?"

सूनबाई लावतील म्हणालो. आणि भाकऱ्यापण.

असो. तुमच्या घरी असं कुणी असेल तर आधी डॉक्टरांना तास आणि लिटर विचारा, मग लाईट किती वेळ जाते ते मोजा. मशीनचं मॉडेल त्यानंतर.