व्हिक्टरी (लाकडी प्रतिकृतिसंच)

व्हिक्टरी या ब्रिटिश युद्धनौकेची प्रमाणबद्ध लाकडी प्रतिकृती घरी घडवण्यासाठी मिळणारा सुट्या भागांचा संच. इटलीतील कॉरेल (१:९८), मामोली (१:९०) व पॅनार्ट (१:७८), स्पेनमधील आर्तेसानिया लातिना (१:८४), डेन्मार्कमधील बिलिंग बोट्स (१:७५) आणि इंग्लंडमधील कॅल्डरक्राफ्ट (१:७२) यांचे संच छांदिष्टांच्या विशेष परिचयाचे आहेत. प्लॅस्टिकच्या संचात साच्यातून निघालेले भाग चिकटवले की बरेचसे काम होते. लाकडी संचात हाती येतात त्या मुख्यतः पट्ट्या, काड्या, पितळी व धातूचे बारीक भाग आणि दोऱ्याची रिळे; जहाज त्यांतून घडवावे लागते.

मूळ जहाजाचा आराखडा टॉमस स्लेड याचा. चॅटम येथील गोदीत १७५९ मध्ये त्याचा कणा बसवला गेला व ७ मे १७६५ रोजी ते पाण्यात उतरले. १०४ तोफांचे हे तीन तोफमजली जहाज ट्रफाल्गरच्या लढाईत (२१ ऑक्टोबर १८०५) अ‍ॅडमिरल नेल्सन याचे ध्वजजहाज होते. नेल्सनला गोळी लागली ती याच जहाजाच्या डेकवर. १९२२ पासून जहाज पोर्टस्मथच्या कोरड्या गोदीत आहे.

अस्सल वस्तू समोर उभी असताना प्रतिकृती बिनचूक करणे सोपे असावे, असे वाटते. पण प्रश्न उरतो तो कोणत्या सालच्या जहाजाची प्रतिकृती करायची, हा. १८०० ते १८०३ च्या मोठ्या दुरुस्तीत पिछाडीच्या उघड्या सज्ज्या बंद झाल्या आणि नाळेवरील भपकेबाज शिल्पसमूह जाऊन साधे राजचिन्ह आले. ट्रफाल्गरनंतर नाळेची बांधणीही बदलली. १९२० च्या दशकात जहाजाला १८०५ चे रूप पुन्हा देण्यात आले. त्यामुळे पोर्टस्मथला दिसते ती मुळात एक पुनर्रचना आहे आणि बहुतेक संच तिचीच नक्कल करतात. रंगाचेही तसेच. काळ्या अंगावरचे पिवळे पट्टे वर्षानुवर्षे ठरलेले होते. २०१५ मध्ये जुन्या रंगाच्या थरांचा अभ्यास करून ते फिकट, गुलाबीकडे झुकणाऱ्या छटेत रंगवले गेले. जुन्या संचांच्या खोक्यावरील चित्रात मात्र पिवळाच दिसतो.

बांधणीची सुरुवात प्लायवुडच्या कण्यापासून होते. त्याच्या खाचांत आडव्या फासळ्या बसतात. त्यांच्या कडा तिरक्या घासून घेतल्या नाहीत, तर पट्टी फासळीला केवळ धारेवर टेकते आणि पुढे सांगाड्यावर उंचवटे उमटतात. अंगावर दोन थर चढतात : आत मऊ लाकडाचा, बाहेर बहुधा अक्रोडाचा. जहाजाचा घेर मध्यभागी मोठा व नाळेपाशी लहान असल्याने प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती रंधावी लागते. हा कंटाळा केला की पट्ट्या एकमेकींवर चढतात. वाकवण्यापूर्वी त्या पाण्यात भिजवून गरम करतात आणि सुकेपर्यंत चापात धरून ठेवतात. आणखी एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. संचातील पट्टी अखंड पुरते म्हणून ती सलग लावली जाते. खऱ्या जहाजाला तेवढ्या लांब फळ्या कुठून मिळणार? २४ फुटांची फळी १:७२ मध्ये जेमतेम १० सेंमी. भरते. म्हणून जाणकार पट्टी तोडून, सांधे विटांच्या रचनेसारखे पुढेमागे ठेवून लावतात. अक्रोडाचे रेशे मोठे असल्यामुळे लहान प्रमाणात ते भरड दिसतात. ऐपत असलेले नाशपातीचे किंवा बॉक्सवुडचे लाकूड वेगळे आणतात.

व्हिक्टरीच्या बुडाला १७८० मध्ये तांब्याचे पत्रे ठोकले गेले. ४ फुटी पत्र्याची १:७२ मधील लांबी सुमारे १७ मिमी. होते व असे हजारो पत्रे एकेक करून चिकटवायचे असतात. काही संचांतील पत्र्यांवर खिळ्यांची डोकी फुगवून दाखवलेली असतात. खरे खिळे पत्र्याशी समतल ठोकलेले होते. या प्रमाणात ते दिसताच कामा नयेत. फुगीर ठिपक्यांनी भरलेले बूड देवीचे व्रण उठल्यासारखे दिसते.

तोफांबाबत संच काटकसर करतात, आणि ती योग्यच आहे. खालच्या मजल्यांवरील गाडे बाहेरून दिसत नाहीत, म्हणून तिथे भोकात नुसते तोफेचे तोंड बसवले जाते.

बहुतेक प्रतिकृती अडकतात त्या दोरकामात. मूळ जहाजावर सुमारे २६ मैल दोर होता; तो सगळा दाखवायचा तर १:७२ मध्येही ५८० मी. दोरा लागेल. संचांत त्यातला निवडक भाग असतो. डोलकाठ्यांना तोलणारे दोर डांबरी काळे, शिडे व परबाणे हलवणारे फिकट तपकिरी. काळ्या दोरांवर खलाशांच्या चढण्यासाठीच्या पायऱ्या सुमारे ५ मिमी. अंतराने बांधतात. गाठ जरा जास्त आवळली, की उभे दोर आत ओढले जाऊन कमरेत बारीक होतात. कच्च्या हाताची ही खूण लांबूनही ओळखू येते. त्यावर उपाय म्हणजे दोरांमागे रेघा आखलेला पुठ्ठा लावणे आणि पायऱ्या खालून वर ओळीने न बांधता मधल्या काही आधी बांधून घेणे. दोऱ्याचे तंतू बसावेत म्हणून त्यावरून मेण फिरवतात. शिडे बहुधा लावत नाहीत : कापडाची वीण प्रमाणाच्या मानाने जाड दिसते आणि केलेले दोरकाम झाकले जाते.

सी. नेपियन लाँग्रिज याने व्हिक्टरीची १:४८ प्रमाणातील प्रतिकृती संचाशिवाय घडवली व तिच्या आधारे १९५५ मध्ये ‘दी अ‍ॅनाटॉमी ऑफ नेल्सन्स शिप्स’ हा ग्रंथ लिहिला. संचाच्या नकाशात जे सुटते, ते शोधण्यासाठी आजही हा ग्रंथ चाळला जातो.