जुन्या लुगड्याचे दुपटे

निजामाच्या अमदानीत औरंगाबाद जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात मोडणारे आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाल्यापासून त्या जिल्ह्यात असलेले कुंभार पिंपळगाव आपल्या नावातच एका कारागिराला मान देते. शिंप्यालाही जुन्या गावरहाटीत अलुतेदार म्हणून जागा होती. आणि त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' प्रसिद्ध केला तेव्हा वतनदारांचे हक्क, बलुतेदारांचा वाटा आणि फिरस्त्यांचा उपद्रव या सर्वांची त्यांनी बारकाईने हजेरी घेतली. परंतु ज्या हातांनी पिढ्यानपिढ्या गावातल्या तान्ह्या मुलांचे पहिले अंथरूण शिवले, त्या हातांना ना वतन होते ना बलुते. घरच्या बायकांनी घरच्या चिंध्यांतून केलेले काम ते, त्याची दप्तरात नोंद करावी असे कोणा कारकुनाला वाटण्याचे कारणच नव्हते.

या कामाचा हंगाम सुगी संपली की सुरू होई. ज्वारी बळदात पडली, कापूस वेचून झाला आणि रानातली कामे ओसरली, म्हणजे सारवलेल्या ओसरीवर एखादे विरलेले नऊवारी लुगडे अंथरले जाई; त्यावर धोतराचे धडपे, फाटक्या चोळ्यांचे तुकडे, परकरांचे घेर असे थर बसत; वरून दुसरे लुगडे पसरून कडा आत मुडपल्या जात, आणि मग दोघी-तिघी बायका समोरासमोर बसून कडेकडेने धावदोरा घालीत आत सरकत. थोरांच्या वाकळीला पाच-सहा थर आणि जाड सुई लागे. तान्ह्याच्या दुपट्याला मात्र दोन-तीन थर पुरत, टाका बारीक घ्यावा लागे आणि दोऱ्याची गाठ आतल्या बाजूला दडवावी लागे, कारण बाळाच्या पाठीला ती रुतता कामा नये. वरचे लुगडे बहुधा नारायणपेठी असे, कारण नारायणपेठ ही निजामाच्याच मुलखातली पेठ. कधी ते इरकली असे. त्याचे काठ कापून दुपट्याला चौकटीसारखे लावले, की दुसरी सजावट लागत नसे.

हे सारे जुन्याच कापडाचे का, या प्रश्नाची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. एक दारिद्र्याचे, दुसरे समजुतीचे. दोन्हींत तथ्य आहे. पण मला ती अपुरी वाटतात. दारिद्र्य हेच कारण असते, तर खाऊनपिऊन सुखी घरांतून बाळासाठी मऊ जुनेर राखून ठेवण्याचा प्रघात पडला नसता. समजुतीचे म्हणाल, तर दीर्घायुषी आजोबांच्या धोतराचे पहिले वस्त्र बाळाला घालावे, म्हणजे त्यांचे आयुष्य त्याला लाभते, अशी श्रद्धा होती खरी. अनेक घरांत मूल जन्मण्यापूर्वी त्याचे झबले शिवीत नसत, आणि ग्रहणकाळी गर्भवतीच्या हाती सुई-कात्री लागू देत नसत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी दोनशेहून अधिक मुले वर्षाच्या आत दगावत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या समजुतींमागच्या भीतीला हसण्याचे धैर्य कोणाला होणार नाही.

पण तिसरे कारण कापडातच आहे. मागावरच्या सुताला बळकटी यावी म्हणून खळ देतात. त्यामुळे कोरे कापड ताठ राहते, अंगाला बोचते आणि पाणी चटकन शोषून घेत नाही. वर्षानुवर्षे नदीवर आपटून, उन्हात वाळवून, अंगावर वापरून लुगडे विरत आले, म्हणजे त्यातली खळ निघून जाते, सूत मोकळे होते आणि ते तान्ह्याच्या त्वचेला मानवते. ही गोष्ट त्या बायकांनी कोणत्याही ग्रंथात वाचली नव्हती. ती त्यांच्या बोटांना ठाऊक होती. म्हणूनच या प्रथेला मी केवळ काटकसर म्हणत नाही, ज्ञान म्हणतो. हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे, की जुने कापड म्हणजे स्वच्छ कापड नव्हे. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत मळक्या चिंध्यांनीही घात केला आहे. जिथे बाळुती उकळून कडक उन्हात घातली गेली, तिथेच हे ज्ञान पूर्णत्वास पोहोचले.

बारशाच्या बाळंतविड्यात मात्र नव्या कापडाला मुभा असे. खणाची कुंची, तिला आतून मऊ अस्तर, कडेला गोट; बटणाऐवजी बंद असलेले झबले; टोपडे, लाळेरे; डोके नीट बसावे म्हणून मोहरीची किंवा राळ्याची लहानशी उशी; आणि पाळण्यावर टांगायला चिंध्या भरून केलेले राघू-मैना. यातली कुंची मला सर्वांत बुद्धिमान रचना वाटते: एकच लांबट तुकडा दुमडून एका बाजूने शिवला, की डोक्याला टोपी आणि पाठीला पांघरूण दोन्ही होते, आणि कापड वाया जात नाही.

चिंध्या जोडून वस्त्र करण्याची कल्पना या मुलखाला फार प्राचीन आहे. अजिंठा आणि वेरूळ येथे राहिलेल्या भिक्षूंचे चीवर विनयाच्या नियमाप्रमाणे शेताच्या बांधांसारखे तुकडे जोडून शिवलेले असे. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात विरक्ताच्या अंगावर कंथा, म्हणजे चिंध्यांची गोधडी, आहे. गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत. कुंभार पिंपळगावाजवळच जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. तेथे १६०८ साली जन्मलेल्या बालकालाही अशाच एखाद्या जुनेराच्या दुपट्यात गुंडाळले असेल, असे मानायला हरकत नसावी.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. या उलथापालथींनी ओसरीवरच्या टाक्यात फरक पडला नाही. तो पाडला टेरिलीन आणि नायलॉनने. नऊवारी सुती लुगड्याच्या जागी पाचवारी गोल साडी आली. ती फाटत नाही, विटत नाही, पण घाम आणि ओल शोषीतही नाही. तिची वाकळ होते, ऊसतोडीला निघालेल्या बैलगाडीवर ती आजही दिसते. तिचे दुपटे होत नाही. म्हणून आपल्या घरच्या ट्रंकेत आजीचे एखादे विरलेले सुती लुगडे अजून असेल, तर बोहारणीच्या स्टीलच्या पातेल्यासाठी ते देऊ नका. घरात सुई धरू शकणारी वडीलधारी बाई असेतोवर तिच्याजवळ बसून त्याचे एक दुपटे शिवून घ्या, आणि धावदोरा कडेकडून आत कसा न्यायचा तेही शिकून घ्या.