दक्षिण आफ्रिकेची लोकसंख्या : कोणी मोजली आणि कशासाठी?

वस्तीतल्या अभ्यासवर्गात जातनिहाय जनगणनेवर चर्चा सुरू होती. कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने विचारले, "आपल्याला जात संपवायची आहे ना? मग ती सरकारी कागदावर लिहून कशाला द्यायची? मोजली की आणखी घट्ट होईल."

हा प्रश्न विरोधकाने विचारला असता तर आम्ही दोन वाक्यांत निकाली काढला असता. पण आपल्याच चळवळीतला मुलगा प्रामाणिकपणे विचारतो, तेव्हा उत्तरही तेवढ्याच गंभीरपणे द्यावे लागते. आम्ही त्याला दक्षिण आफ्रिकेकडे बघायला सांगितले. माणसांना रकान्यांत बसवून राज्य कसे करायचे याचा धडा त्या देशाने जगाला दिला. आणि तेच रकाने न्यायासाठी कसे वापरायचे याचा प्रयत्नही त्याच देशात चालू आहे.

आधी आजचे चित्र पाहू. २०२२ च्या जनगणनेनुसार दक्षिण आफ्रिकेची लोकसंख्या सुमारे ६ कोटी २० लाख आहे. त्यात कृष्णवर्णीय आफ्रिकन ८१.४ टक्के, 'कलर्ड' ८.२ टक्के, गोरे ७.३ टक्के आणि भारतीय व इतर आशियाई २.७ टक्के आहेत. या गणनेत ३० टक्क्यांहून अधिक लोक सुटल्याचे नंतरच्या पडताळणीत आढळले आणि आकडे त्यानुसार दुरुस्त करावे लागले, हेही लक्षात ठेवू. झुलू ही सर्वाधिक लोकांची घरची भाषा आहे, त्याखालोखाल खोसा आणि आफ्रिकान्स. इंग्रजी घरात बोलणारे दहा टक्केही नाहीत.

आता प्रश्न असा, की हे चार रकाने आले कुठून? निसर्गाने तर ते बनवलेले नाहीत.

रकाने कसे तयार झाले

१६५२ साली डच कंपनीची माणसे केपला उतरली. तिथे खोई आणि सान लोक राहत होते. देशाच्या पूर्व आणि उत्तर भागात बांटू भाषा बोलणारे शेतकरी व पशुपालक शेकडो वर्षांपासून वसलेले होते. तरीही 'गोरे आले तेव्हा जमीन मोकळीच होती' हा खोटा इतिहास पुढे पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून शिकवला गेला. ज्याची जमीन घ्यायची, तो तिथे नव्हताच असे आधी लिहून ठेवायचे, ही जुनी रीत आहे.

केपमध्ये डचांनी गुलाम आणले. मादागास्कर, पूर्व आफ्रिका आणि इंडोनेशियाच्या बेटांबरोबरच आपल्या बंगाल, कोरोमंडल आणि मलबार किनाऱ्यांवरूनही माणसे विकत नेली गेली. हे गुलाम, खोई आणि युरोपीय यांच्या संबंधांतून जो समाज तयार झाला, त्याला पुढे 'कलर्ड' हे नाव चिकटवले गेले. म्हणजे त्या रकान्यात आपल्या किनाऱ्यांवरून विकल्या गेलेल्या माणसांचेही रक्त आहे.

भारतीयांचा रकाना वेगळ्या वाटेने आला. १६ नोव्हेंबर १८६० रोजी 'ट्रूरो' हे जहाज मद्रासहून ३४२ माणसे घेऊन डर्बनला लागले. १९११ पर्यंत दीड लाखाहून अधिक गिरमिटिया मजूर नाताळच्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले. जहाजांच्या याद्यांमध्ये नाव, वडिलांचे नाव, वय, गाव यांबरोबर जातीचाही रकाना होता. त्यात अस्पृश्य जातींची नावे दिसतात. मळ्यावर पोहोचल्यावर मात्र गोऱ्या मालकाच्या लेखी सगळेच 'कुली'. मजुरांच्या मागोमाग स्वतःच्या भाड्याने आलेले व्यापारी आले, त्यांत गुजराती पुष्कळ होते. केप टाऊनला रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमानही जाऊन वसले.

मूठभर गोरे, सगळी जमीन

१९१० साली दक्षिण आफ्रिकेचे संघराज्य झाले. १९११ च्या पहिल्या जनगणनेत एकूण लोकसंख्या सुमारे ६० लाख भरली. त्यात गोरे पावणेतेरा लाख, म्हणजे २१ टक्के. पुढच्या दोनच वर्षांत, १९१३ साली जमिनीचा कायदा आला. बहुसंख्य आफ्रिकनांना देशातली सुमारे ७ टक्के जमीन ठेवली गेली. १९३६ साली ती मर्यादा सुमारे १३ टक्क्यांपर्यंत वाढवली. लोकसंख्येचा आकडा आणि जमिनीचा आकडा शेजारी ठेवला की लुटीचा हिशेब कळतो.

१९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि १९५० साली लोकसंख्या नोंदणी कायदा झाला. प्रत्येक माणसाचा वंश सरकारी नोंदवहीत चढला. त्यावरून ठरणार होते, की तुम्ही कुठे राहाल, कोणत्या शाळेत जाल, कोणाशी लग्न कराल, मत देऊ शकाल की नाही. गोरा कोण? जो दिसायला गोरा आहे, किंवा ज्याला सगळे गोरा मानतात तो. कायद्याची व्याख्या इतकी पोकळ होती. म्हणून अधिकारी केसांत पेन्सिल खुपसून बघत. पेन्सिल खाली पडली तर एक रकाना, अडकून राहिली तर दुसरा.

गोऱ्या आईवडिलांच्या पोटी १९५५ साली जन्मलेली सँड्रा लैंग दिसायला सावळी, कुरळ्या केसांची होती. १९६६ साली तिला गोऱ्यांच्या शाळेतून काढले आणि 'कलर्ड' ठरवले. वडील कोर्टकचेऱ्या करत राहिले. १९६७ साली कायदा बदलून आईवडिलांचा वंश ग्राह्य धरला गेला आणि ती पुन्हा 'गोरी' झाली. मुलगी तीच, चेहरा तोच. ऐंशीच्या दशकातही दरवर्षी शेकडो लोकांचा वंश कागदावर बदलला जात होता. वंश रक्तात असता तर तो शिक्क्याने बदलला असता का?

मोजायचेच नाही, म्हणजे माणूसच नाही

इथे आमच्या मित्राच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. मोजणे हे अत्याचाराचे साधन होऊ शकते, हे खरेच आहे. पण त्याच राजवटीने न मोजण्याचेही हत्यार वापरले, हे सहसा कोणी सांगत नाही.

आफ्रिकनांना दहा 'होमलँड'मध्ये विभागण्यात आले. १९७० च्या कायद्याने प्रत्येक आफ्रिकन माणूस कुठल्या ना कुठल्या होमलँडचा नागरिक ठरवला गेला, मग त्याने ती जागा जन्मात पाहिलेली नसली तरी. ट्रान्स्काय, बोफुथात्स्वाना, व्हेन्डा आणि सिस्काय यांना १९७६ ते १९८१ दरम्यान 'स्वातंत्र्य' दिले. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही देशाने ते मानले नाही. मंत्री कॉनी मल्डर यांनी १९७८ साली संसदेत सांगितले, की हे धोरण तडीस गेले की दक्षिण आफ्रिकेचा नागरिक असलेला एकही काळा माणूस उरणार नाही.

आणि जनगणनेने हुकूम पाळला. १९८० च्या गणनेत तोवर 'स्वतंत्र' केलेले तीन प्रदेश वगळले, १९८५ आणि १९९१ ला चारही. तिथली लाखो माणसे देशाच्या लोकसंख्येतून गायब! गोऱ्यांची टक्केवारी कागदावर आपोआप वाढली. माणूस मारावा लागला नाही, फक्त त्याचा प्रदेश यादीतून खोडावा लागला. १९६० ते १९८३ दरम्यान सुमारे ३५ लाख लोकांना घरादारातून उठवले गेले. केप टाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्समधून साठ हजार लोक गेले आणि वस्तीवर बुलडोझर फिरला.

तिसरा दरवाजा

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. या व्यवस्थेत प्रत्येकाला पाय ठेवायला कोणीतरी खाली दिलेला असतो, म्हणून सगळे मिळून वरच्याविरुद्ध उठत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत काळे आणि गोरे असे दोनच रकाने न करता चार का केले, याचे उत्तर आम्हाला इथे सापडते.

डर्बनच्या टपाल कार्यालयाला दोन दरवाजे होते, एक गोऱ्यांचा आणि एक बाकी सगळ्यांचा. १८९० च्या दशकात गांधी आणि नाताळ इंडियन काँग्रेसने तक्रार केली, की भारतीयांना आफ्रिकनांबरोबर एकाच दरवाज्याने जावे लागते. भारतीयांना वेगळा, तिसरा दरवाजा मिळाला. भेदाची भिंत पाडण्याची मागणी झाली नाही, भिंतीत आणखी एक दार पाडले गेले.

नव्वद वर्षांनी तोच डाव मोठ्या प्रमाणावर खेळला गेला. १९८४ साली तीन सभागृहांची संसद आली. गोऱ्यांना १७८ जागा, कलर्ड लोकांना ८५, भारतीयांना ४५. देशातल्या बहुसंख्य आफ्रिकनांना शून्य. पण यावेळी लोकांनी दरवाजा नाकारला. युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंटने बहिष्काराची हाक दिली आणि नोंदलेल्या भारतीय मतदारांपैकी जेमतेम पाचातला एक मतदानाला गेला.

हे शहाणपण आभाळातून पडले नाही. स्टीव्ह बिको आणि त्यांच्या विद्यार्थी संघटनेने सत्तरच्या दशकातच सांगितले होते, की कलर्ड, भारतीय, आफ्रिकन या सरकारच्या चिठ्ठ्या आहेत. जे शोषित आहेत आणि लढायला उभे आहेत ते सगळे 'ब्लॅक'. त्याच दशकात इकडे दलित पँथरने १९७३ च्या जाहीरनाम्यात 'दलित' शब्दाची व्याख्या जातीपलीकडे, भूमिहीन, कामगार आणि स्त्रियांपर्यंत नेली होती. शोषकाने दिलेला रकाना फोडून आपले नाव आपण ठेवायचे, ही दोन्हीकडची वाट एकच होती. बिकोंना १९७७ साली पोलीस कोठडीत जीव गमवावा लागला.

तोच रकाना, वेगळा हेतू

१९९१ साली नोंदणी कायदा रद्द झाला, १९९४ साली सर्वांना मताधिकार मिळाला. १९९६ साली नव्या लोकशाहीची पहिली जनगणना झाली, होमलँडसह संपूर्ण देशाची. आता वंशाचा रकाना फाडून टाकता आला असता. तो ठेवला, पण एक मूलभूत बदल करून. अधिकारी पेन्सिल घेऊन ठरवणार नाही, माणूस स्वतः सांगेल तो कोण आहे.

यावर तिथेही वाद आहे. रॉबेन बेटावर दहा वर्षे तुरुंगवास भोगलेले नेव्हिल अलेक्झांडर आयुष्यभर सांगत राहिले, की हे रकाने वापरत राहिलो तर वर्णभेदाचीच भाषा टिकेल. हा इशारा हलक्यात घेण्यासारखा नाही. पण दुसऱ्या बाजूला हा आकडा बघा : २०१७ च्या सरकारी जमीन तपासणीत व्यक्तींच्या नावावर असलेल्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडे आणि फक्त ४ टक्के आफ्रिकनांकडे आढळली. रकाना नसता तर १९१३ चा अन्याय आजही जिवंत आहे हे सिद्ध कशाने केले असते? आजार नोंदवहीतून खोडल्याने रोगी बरा होत नाही.

आपल्यासाठी धडा

बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. १९३२ च्या लोथियन समितीपुढे अस्पृश्यांच्या संख्येचा प्रश्न आला, तेव्हा काही प्रांतांतले सवर्ण हिंदू अचानक म्हणू लागले, की आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच. पाणवठ्यावर अस्पृश्य ओळखता येत होते, प्रतिनिधित्व द्यायची वेळ आली की दिसेनासे झाले. बाबासाहेबांनी ही लबाडी उघडी पाडली.

आपल्याकडे सगळ्या जातींचे आकडे शेवटचे प्रसिद्ध झाले ते १९३१ चे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणातली जातींची आकडेवारी बाहेर आलीच नाही. आता केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये येत्या जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय जाहीर केला आहे. म्हणून त्या तरुण मित्राला आमचे सांगणे एवढेच : मोजल्याने जात वाढेल का, हा प्रश्न अपुरा आहे. मोजणारा कोण, उत्तर कोणाच्या तोंडून येणार, आणि तो आकडा कोणाच्या कामी येणार, हे तीन प्रश्न विचारा. गावकुसाबाहेर घर द्यायला जात विचारली गेली तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. जमीन, नोकरी आणि सत्तेतला वाटा मोजायला विचारली की ती अचानक 'जातीयवाद' कशी ठरते?

प्रगणक दारात येईल तेव्हा घरातल्या प्रत्येकाने स्वतः उत्तर द्यावे आणि त्याने काय लिहिले ते बघून घ्यावे. शेजारच्या म्हातारीलाही समजावून सांगावे. आपला रकाना दुसऱ्याच्या हातून भरला जाऊ देऊ नका.

जय भीम!