धरणात काय सोडायचं

वऱ्हाडावर लिहायला बसलं की कापूस, ज्वारी, संत्रा आणि कर्ज एवढ्यात लेख संपतो. माशाचं नाव कोणी घेत नाही. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा, नद्या उन्हाळ्यात कोरड्या, इथं कसला आला मासा, असं बाहेरच्याला वाटतं. पण अमरावती-अकोल्याच्या प्रत्येक नदीकाठच्या गावात भोयांची, ढिवरांची, कहारांची दोन-चार घरं होतीच, आणि ती हवा खाऊन जगत नव्हती.

नदी आटली तरी डोह आटत नसत. आमच्या लहानपणी डोहात मरळ, वाम, पढीन, शिंगाडा, मांगूर आणि खंडीभर झिंगे असत. मरळीची तर गंमतच. पाणी कमी झालं तरी ती वर तोंड काढून हवा घेते, म्हणून चिखलातसुद्धा तग धरते. पावसाळ्यात तिच्या पिल्लांचा लालसर घोळका पाण्यावर फिरतो आणि नर-मादी खालून राखण करतात. जुने भोई घोळक्याखालच्या मरळीला हात लावत नसत. कोणी लावलाच तर चार माणसांत शिव्या खात असे. तिकडं मेळघाटात सिपना, खापरा, डोलार या नद्यांच्या खडकाळ डोहांत महासीर होता. हे मासे कोणी आणून सोडले नव्हते. बियाण्याचा खर्च नाही, ठेका नाही.

मग धरणं आली. अकोल्याकडं महानला काटेपूर्णा, तेल्हाऱ्याच्या वर वान, अंजनगाव-अकोटच्या अंगाला शहानूर, आणि मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला अप्पर वर्धा, ज्याच्या पाण्याला नळ-दमयंती सागर असं गोड नाव आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या अशाच एका धरणात आमचं अर्धं वावर गेलं. त्या धरणाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं ज्यांची गोष्ट सांगतो ती बहुतेक माणसं हयात आहेत. वावर गेलं आणि शेजारच्या भोयांचे डोहही गेले, तेव्हा दोघंही सारखेच उघडे पडलो. आम्हाला निदान मोबदल्याचा कागद तरी मिळाला. डोहाचा सातबारा नसतो.

एवढ्या मोठ्या पाण्यात मासा कोणता, हा प्रश्न तेव्हापासूनचा. सरकारी उत्तर तयार होतं, कटला, रोहू, मृगळ. हे तिघे मूळचे गंगेकडचे. माणसानं माशाला पोसण्याची विद्या आपल्याकडं जुनी आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वरानं ‘मानसोल्लास’ ग्रंथात माशांच्या जाती आणि त्यांना काय चारावं हे लिहून ठेवलं. पण बी मिळवणं हीच खरी अडचण. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून बंगाल-बिहारच्या नद्यांतून पावसाळ्यात जिरे गोळा करायचे, मातीच्या हंड्यांत घालून रेल्वेनं दूरदूर न्यायचे. हवा मिसळावी म्हणून हंडी सारखी हलवत राहायची. त्यात नको त्या जातीही यायच्या आणि निम्मं बी वाटेतच मरायचं. १० जुलै १९५७ ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन हौदात घडवून आणलं, आणि सगळा हिशेबच बदलला. आता बी कारखान्यातल्यासारखं निघू लागलं. १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिवस त्यामुळेच.

या तिघांना एकत्र का सोडतात ते शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. कपाशीत आपण तूर घेतो ना, तसंच. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. पुढं यात परदेशी तिघांची भर पडली. सायप्रिनस तळाचा, चंदेरा वरचा, आणि गवत्या पाणवनस्पती खाणारा. बँकॉककडचा सायप्रिनस १९५७ ला आला, चंदेरा आणि गवत्या १९५९ ला. गावतळ्यात हे मिश्रपीक उत्तम जमलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण गावतळं वेगळं आणि धरण वेगळं. तळ्यात बी सोडण्याआधी मोहाची ढेप टाकून नको ते मासे मारता येतात. धरणात किती ढेप टाकाल? तिथं पढीन बसलेला असतो आणि तुमचं जिऱ्याएवढं महागडं बी त्याचा नाश्ता होतो. म्हणून धरणात निदान चार बोटांची बोटुकली सोडावी लागते, आणि ती महाग. शिवाय वाहतं पाणी नाही म्हणून वाढ होते पण वंश वाढत नाही, दरवर्षी बी विकतचंच. हे ऐकून आमच्या पिढीला काय आठवतं? १९७० नंतर एच-४ कपाशी आली, २००२ ला बीटी आली, आणि घरची सरकी पेरायची सोय गेली. उत्पन्न वाढलं हे खरं, पण जून उजाडला की दुकानाच्या दारात उभं राहणं आलं.

आमच्या धरणावर भोयांची सोसायटी झाली ती नव्वदीनंतर. सभासद कष्टाळू, पण लिहिणारं कोणी नव्हतं. मी दहावीपर्यंत शिकलेला, म्हणून प्रोसिडिंग लिहायला मला बोलवत. त्यामुळे मासा कोणता यावरच्या सगळ्या भांडणांचा मी साक्षीदार.

पहिल्या मोठ्या सभेत तरुण पोरं एका बाजूला. त्यांचं म्हणणं, ठेक्याची रक्कम भरायची आहे, तर एकेक मासा तीन-चार किलोचा झाला पाहिजे आणि गाडी भरून नागपूरला गेली पाहिजे. कटला-रोहूच सोडा. दुसऱ्या बाजूला एक म्हातारा, ज्याला सारे मामा म्हणत. तो म्हणाला, “बाप्पा, कटला सोडा, मी नाही म्हनत नाही. पन तो धराले चार बोटांचं जाळं लागते, नाव लागते. मह्याजवळ फेकजाळं हाय. मी काय धरू?”

पोरं हसली. मला मात्र ते वाक्य लिहून घेताना पहिल्यांदा उमगलं की हे भांडण माशाचं वाटतं, पण आहे जाळ्याचं. मासा ठरला की जाळ्याची भोकं ठरतात. भोकं ठरली की कोण धरणार, कोण विकणार आणि कोण खाणार तेही ठरतं. मोठ्या माशासाठी नाव, नायलॉनचं जाळं, बर्फ, उचल देणारा व्यापारी. चिल्लर माशासाठी थर्माकोलचा तराफा किंवा हवा भरलेली ट्यूब, फेकजाळं, आणि टोपलं घेऊन आठवडी बाजारात बसणारी बाई.

ठराव कटला-रोहूचा झाला. उधारीवर बोटुकली आणली. ती बोटुकली ठरल्या मापाची नव्हती, बोटाच्या निम्मी होती. पण पुरवठादार रात्री आला, पिशव्या धरणात सोडून निघून गेला, आणि सकाळी मोजायला काही उरलं नाही. तरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माल चांगला लागला. गाड्या गेल्या, दोन-तीन घरांवर स्लॅब पडले. त्याच ठरावात बी वाचावं म्हणून बारीक भोकाच्या जाळ्याला बंदी होती. शास्त्राप्रमाणे ती बरोबरच. पण बाजारात टोपलं घेऊन बसणाऱ्या सात-आठ बायांचा धंदा त्या एका ओळीनं बसला. सभासद पुरुष होते, बाया सभेत नव्हत्याच. कटला किलोनं विकतो व्यापारी, चिल्लर वाट्यानं विकते बाई, हा फरक प्रोसिडिंग बुकात कुठंच येत नाही. मजुरांच्या घरीही फरक पडला. रविवारी थोड्या पैशांत झिंग्याचा वाटा घेणारा माणूस कटल्याचं अर्धं डोकं तरी परवडतं का म्हणून विचारू लागला.

मोठ्या पाण्यात काय सोडावं यावर जगभर माणसं अशीच भांडली आहेत, आणि पाण्यानं बऱ्याचदा भलतंच उत्तर दिलं आहे. हिमाचलच्या गोविंदसागरात, भाक्रा धरणात, १९७१ च्या सुमारास पुरात एका मत्स्यबीज केंद्रातून चंदेरा निसटला. वरच्याच थराचा, म्हणजे कटल्याचा भाऊबंद. पुढं जाळ्यात त्याचाच भरणा होऊ लागला आणि कटला मागं पडला. कोणी ठरवलं नव्हतं, तो आपला आपणच मालक झाला. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाईल पर्च नावाचा दांडगा शिकारी मासा सोडला. त्यानं तिथल्या शेकडो छोट्या जाती साफ केल्या. परदेशात माल जाऊ लागला, कारखाने निघाले, पैसा आला. पण मोठा मासा कारखान्याकडं गेला आणि काठच्या गरिबाच्या ताटात दागा नावाची बारीक चांदीसारखी मासळी राहिली. शिवाय पर्च चरबीचा, उन्हात वाळेना, म्हणून धुरी द्यायला झाडं तुटली. हे वाचलं तेव्हा मला आमचा मामा आठवला.

आपल्याकडं तिलापियाचं तसंच झालं. १९५२ ला तो देशात आला, काही वर्षांतच तज्ज्ञांनी त्याला पसरू देऊ नका म्हणून सांगितलं, पण मासा परिपत्रक वाचत नाही. उजनीत आज चिलापी म्हणून तोच लोक चवीनं खातात. आमच्या धरणात तो कधी आला कोणालाच सांगता येत नाही. खड्डे करून अंडी घालतो, पिल्लं तोंडात सांभाळतो, त्याला बी विकत घ्यावं लागत नाही. आणि गंमत अशी की फेकजाळ्यात तो सापडतो, म्हणून बायांच्या टोपल्यात पुन्हा मासळी दिसू लागली. मामानं त्याला बरंच म्हटलं. मी तेवढा खूश नाही. कारण तिलापिया वाढला त्याच वर्षांत काठच्या गवतातले लाल घोळके दिसेनासे झाले. एकामुळे दुसरं झालं असं मी छातीठोक म्हणत नाही, धरणाचं पाणी वर-खाली होतं तेही मरळीला मानवत नाही.

आफ्रिकन मांगूर ही आणखी मोठी पीडा. देशात त्याच्या पैदाशीला २००० साली बंदी आली, तरी चोरून पाळणारे आहेत. आता २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ आलं. शेततळ्यात कोणी रूपचंद टाकतो, कोणी पंगस. माझा त्याला विरोध नाही, आपल्या तळ्यात आपण काय पिकवावं हा आपला हक्क. पण आमच्याकडं पाऊस येतो तो ढगफुटीसारखा. तळं फुटलं की नाला, नाल्यातून नदी, नदीतून धरण. म्हणजे धरणात काय सोडायचं हे सोसायटीच्या सभेत ठरतं ही गोष्ट अर्धीच खरी.

मग देशी मासा परत आणता येतो का? येतो. लोणावळ्याला टाटांच्या वीजतलावांवर १९७० च्या दशकापासून महासीराची अंडी उबवून पिल्लं तयार करतात, डॉ. चं. वि. कुलकर्णींसारख्या माणसांनी त्यात आयुष्य घातलं. पण महासीर हळू वाढतो, ठेक्याचा हप्ता थांबत नाही. आम्हाला जवळचं उदाहरण भंडारा-गोंदियाचं. कोहळ्यांनी बांधलेल्या जुन्या तलावांत मनीष राजनकर आणि तिथल्या ढिवर बायापुरुषांनी आधी बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, मग देशी मासे वाढवले. बी सोडण्याआधी चारा आणि आसरा लावायचा, हे डोकं मला आवडलं. तलाव उथळ, काठ गवताळ, म्हणून ते जमलं. धरणाचा काठ दरवर्षी चिखल आणि भेगा. तरीही बुडीत क्षेत्राच्या वरच्या टोकाला, जिथं नदी येऊन मिळते, तिथं उथळ पाणी आणि लव्हाळा टिकून असतो.

मामा गेल्यानंतर दोन वर्षांनी त्याच्या सुनेनं हेच सभेत मांडलं. आता बायाही सभासद आहेत. ती उभी राहिली आणि म्हणाली, “वरचं टोक आमाले सोडा. तिथं नाव नेऊ नका, बोटुकली टाकू नका. बारीक जाळं आमी तिथंच टाकू, आन् पिल्लांच्या दोन महिन्यांत तेबी नाही टाकनार.” एक पोरगा म्हणाला, “वैनी, ठेका तं साऱ्या पान्याचा भरतो नं आपन?” ती म्हणाली, “मग आमचा हिस्साबी साऱ्या पान्यात हाय भाऊ, आमी तं एक कोपराच मांगून राह्यलो.” बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी दोन वर्षांसाठी तो ठराव पास झाला. मी लिहिला.

ती दोन वर्षं या जूनला संपली. वरच्या टोकाला मागच्या श्रावणात दोन ठिकाणी लाल घोळका दिसला, असं बाया सांगतात. मी स्वतः एक पाहिला. त्याच सभेत दुसरा विषय निघाला, पिंजऱ्यातल्या पंगसचा. योजनेत अनुदान आहे, आणि एक माणूस सगळे पिंजरे स्वतः लावून देतो म्हणतो. पिंजऱ्याला खोल आणि स्वच्छ पाणी लागतं, म्हणजे वरचं टोक त्यात येत नाही. पण पिंजरे ज्याचे, खाद्य ज्याचं, मासा त्याचाच, आणि सभासद तिथं रोजंदारीवर. सुनेनं विचारलं, रोज किती? त्या माणसानं आकडा सांगितला नाही. दोन्ही विषय पुढच्या सभेवर ठेवले. बोटुकलीची ऑर्डर मात्र थांबवता येत नाही, ती दिली. कटला आणि रोहू, मृगळ थोडा कमी. या खेपेला पिशव्या दिवसा उघडायच्या आणि बोटुकली पट्टीवर मोजूनच पाण्यात सोडायची, असं ठरावात लिहिलं आहे.