चाकोरीचे संगीत

मराठी समीक्षेत ‘चाकोरीबाहेरचा’ हे विशेषण स्तुतीसाठी राखून ठेवलेले आहे आणि ‘चाकोरीबद्ध’ म्हटले की लेखकाची धडगत नाही. वस्तुतः चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी वाटेवर पाडलेली खाच. इंग्रजीतील ‘ग्रूव्ह’ या शब्दाचा अर्थही खाच असाच. ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई जिच्यातून फिरते तीही ग्रूव्हच. परंतु जॅझ वादकांच्या बोलीत हा शब्द गौरवाचा झाला. सगळे वादक एकाच खाचेतून चालू लागले की संगीत जमले, असे ते मानत. १९७०च्या दशकात जॅझ-फंक या नावाने जे संगीत पुढे आले, त्याविषयीचा बराचसा वाद मला या दोन मूल्यांमधला वाद वाटतो.

त्याची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९३०च्या दशकातील स्विंग हे नृत्याचे संगीत होते. चाळीसच्या दशकात बीबॉप आले आणि श्रोता खुर्चीत बसला. १९४४ साली अमेरिकेत नाचगाण्याच्या ठिकाणांवर जबर कर बसला, त्याचाही यात वाटा आहे. केवळ वाद्यवादन ऐकवणाऱ्या जागा त्यातून सुटत. एकल वादक नायक झाला. त्याने प्रत्येक वेळी नवे निर्माण करावे, ही अपेक्षा रूढ झाली. जॅझच्या समीक्षेची परिभाषाही प्रतिभा, आविष्कार, मौलिकता अशी रोमँटिक काव्यविचाराला जवळची बनली.

नृत्य मात्र कुठे गेले नव्हते. जेम्स ब्राउन यांच्या १९६७च्या ‘कोल्ड स्वेट’मध्ये स्वरसंघात जवळजवळ जागचे हलत नाहीत. गिटार, बास, ड्रम, ब्रास यांपैकी प्रत्येकाकडे तुटक, आखूड तुकडा आहे. एकाने सोडलेल्या फटीत दुसऱ्याचा आघात बसतो. एकेक तुकडा सुटा ऐकला तर त्यात फारसे काही नाही. या साऱ्याला बांधून ठेवते ती पहिली मात्रा, ब्राउन जिला नुसते ‘द वन’ म्हणत. आपल्या परिचयाचा शब्द योजायचा तर सम. पण ख्यालात समेची वाट पाहायला लावण्यात गंमत असते. इथे ती क्षणोक्षणी येते आणि सारा डोलारा तिच्यावर उभा राहतो.

ही रीत जॅझच्या मुशीत घडलेल्या वादकांनी स्वीकारली तेव्हा खळबळ उडाली. ट्रम्पेटवादक डोनाल्ड बर्ड हे हॉवर्ड विद्यापीठात अध्यापक. १९७३च्या त्यांच्या ‘ब्लॅक बर्ड’ने ब्लू नोट कंपनीचे तोवरचे विक्रीचे आकडे मागे टाकले, पुढे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांचा ‘द ब्लॅकबर्ड्‌स’ हा संच उभारला. हर्बी हॅनकॉक तर माइल्स डेव्हिस यांच्या पंचकातले पियानोवादक. त्यांचा ‘हेड हंटर्स’ही १९७३चाच. त्यातील ‘कमेलियन’ पंधरा मिनिटांहून मोठे आहे. सिंथेसायझरवरची एक आखूड बास-आकृती सुरू होते आणि मिनिटामागून मिनिटे तीच चालू राहते.

बाजाराला शरण गेले, असा आरोप तेव्हा झाला. दशकाच्या अखेरीची गुळगुळीत ध्वनिमुद्रणे ऐकली तर तो अगदीच निराधार म्हणवत नाही. पण पुनरावृत्ती म्हणजे कल्पनादारिद्र्य, हे त्यामागचे गृहीतक मला मान्य नाही. धृपद प्रत्येक कडव्यानंतर परतते म्हणून अभंगकर्त्याला आपण बोल लावत नाही. ‘कमेलियन’मध्ये तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कान बदलतो: आकृती तीच असते, तिच्याभोवती हार्वी मेसन यांच्या ड्रमवर एखादा आघात किंचित सरकतो आणि तेवढ्याने सगळे हलते. नावीन्य आहे, ते शोधायची जागा मात्र निराळी.

जागा निराळी असल्याने तिचा धनी ठरवणेही अवघड जाते. समीक्षेप्रमाणेच स्वामित्वहक्काचा व्यवहारही एकट्या कर्त्यावर उभा आहे. चाल आणि शब्द यांना तो रचना मानतो, तालाच्या साच्याला सहसा नाही. जेम्स ब्राउन यांच्या ‘फंकी ड्रमर’मध्ये क्लाइड स्टबलफील्ड यांनी वाजवलेला काही सेकंदांचा तुकडा पुढे शेकडो हिप-हॉप गीतांचा पाया झाला, पब्लिक एनिमीचे १९८९चे ‘फाइट द पॉवर’ त्यांपैकी एक. रचनाकार म्हणून नोंद ब्राउन यांची. स्टबलफील्ड २०१७ साली वारले; त्या सर्व गीतांनी त्यांना पैशाच्या रूपाने जवळजवळ काहीच दिले नाही.

‘कमेलियन’ची श्रेयनामावली म्हणूनच लक्षणीय वाटते. तिथे रचनाकार चार आहेत: हॅनकॉक, बासवादक पॉल जॅक्सन, सॅक्सोफोनवादक बेनी मॉपिन आणि मेसन. चाकोरी चौघांनी पाडली, हे कागदावर मान्य झाले.

त्याच तबकडीवर ‘वॉटरमेलन मॅन’ आहे. १९६२ साली हॅनकॉकनी ते प्रथम ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्यामागे शिकागोतील बालपणीची एक आठवण होती: कलिंगडवाल्याची हाळी आणि दगडी फरसबंदीवर त्याच्या गाडीच्या चाकांनी धरलेला ठेका. ग्रूव्हची याहून अक्षरशः व्युत्पत्ती मिळणे कठीण. १९७३च्या रूपात सुरुवातीला बिल समर्स बिअरच्या बाटलीत फुंकर घालून एक तालबद्ध घुमारा काढतात. ती शैली मध्य आफ्रिकेतील बा-बेन्झेले लोकांच्या ‘हिंदेहू’ या फुंकवाद्याची. एकाच स्वराची पुंगी आणि मानवी आवाज यांची गुंफण. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ध्वनिमुद्रिकेतून ती अमेरिकेत पोचली. १९९४ साली मडोना यांच्या ‘सँक्च्युअरी’त हॅनकॉक यांच्या या ध्वनिमुद्रणाचा अंश वापरला गेला. श्रेय हॅनकॉकना मिळाले. संगीताचे मानववंशशास्त्रीय अभ्यासक स्टीव्हन फेल्ड यांनी १९९६च्या आपल्या लेखात या प्रवासाचा एकेक टप्पा तपासला आहे. त्यात बा-बेन्झेलेंपर्यंत परत जाणारी वाट कुठे दिसत नाही.