एचटी-२ आणि त्याचे भाऊबंद

मध्यंतरी शनिवार पेठेतील एका जुन्या वाड्यात आम्ही काही मंडळी जमलो असता दोन छायाचित्रे हातोहात फिरली. एकात बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याचे एचटी-२ हे विमान होते; दुसऱ्यात कॅनडातील डी हॅविलंड कंपनीचे चिपमंक. खालची नावे झाकली, आणि यांतील आपले कोणते असे विचारले, तेव्हा निम्म्या मंडळींना ते सांगता आले नाही. खाली बसविलेला एकच पंख, एकामागे एक अशा दोन बैठका, त्यांवर काचेचे झाकण, न मिटणारी चाके, तिसरे लहान चाक शेपटीखाली, आणि नाकात चार सिलिंडरांचे एंजिन. एका सुविद्य गृहस्थांनी लगेच निकाल दिला, की चिपमंक १९४६ चे, एचटी-२ १९५१ चे, तेव्हा आपण जे केले ते साहेबाची पुस्ती गिरविण्यापलीकडे काही नव्हे.

हा निकाल त्या बैठकीपुरता असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु आपल्याकडे झालेल्या कोणत्याही यंत्राविषयी हेच बोलले जाते, आणि ऐकणारे मुकाट्याने मान डोलावितात. नक्कल कोठे झाली व कोठे झाली नाही हे पाहावयाचे तर दोन चित्रे शेजारी ठेवून भागत नाही. त्यासाठी एंजिनाची कुळी पाहावी लागते, वजने तोलावी लागतात, आणि दोन्ही विमानांना ज्याची जागा घ्यावयाची होती त्या तिसऱ्या विमानाची ओळख करून घ्यावी लागते.

ते तिसरे विमान म्हणजे टायगर मॉथ. १९३१ च्या ऑक्टोबरात ते इंग्लंडमध्ये प्रथम उडाले आणि पुढे आठ हजारांहून अधिक संख्येने बांधले गेले. ते दुपंखी होते. लाकडी पंखांवर कापड ताणलेले, धड पोलादी नळ्यांचे, माथ्यावर उघडे आभाळ. पुढच्या बैठकीत शिक्षक, मागच्या बैठकीत शिष्य, आणि दोघांत संभाषणासाठी एक पोकळ नळी! मूळ विमानास ब्रेक नव्हते, शेपटीखाली चाकाऐवजी घसरपट्टी होती, आणि एंजिन सुरू करावयाचे तर कोणीतरी पुढे उभे राहून प्रोपेलर हाताने फिरवावा लागे. हिंदुस्थानातील वैमानिकांची एक सबंध पिढी याच विमानावर तयार झाली. युद्ध संपले तेव्हा मात्र लढाऊ विमाने धातूची, एकपंखी व झाकलेली झाली होती, आणि त्यांवर जाणाऱ्या विद्यार्थ्यास कापडी दुपंखी विमानावर पहिले धडे देणे म्हणजे मोटार शिकणाऱ्यास टांग्यावर बसविण्यासारखे होऊ लागले होते. टायगर मॉथच्या जागी काय आणावे, हा प्रश्न एकाच सुमारास अनेक देशांपुढे उभा राहिला.

कॅनडात त्याचे उत्तर शोधणारा मनुष्य मूळचा पोलंडचा होता. व्हसेव्होलोड याकिमियुक हा तेथील सरकारी विमान कारखान्यातील अभियंता. देश जर्मनांच्या हाती पडल्यावर तो कॅनडात येऊन डी हॅविलंडच्या शाखेत लागला. त्याच्या चिपमंकने २२ मे १९४६ रोजी टोरोंटोजवळ पहिले उड्डाण केले.

बंगळुरात तोच प्रश्न हाती घेणारे गृहस्थ होते डॉ. विष्णु माधव घाटगे. त्यांचा जन्म १९०८ मध्ये कोल्हापूरजवळील हसूर या गावी झाला. पुढे ते जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले व १९३६ मध्ये डॉक्टर झाले. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनकच. उडत्या पंखाला अगदी चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर कसा वागतो हे त्यांनी १९०४ साली उलगडून दाखविले, आणि त्या दिवसापासून पंखांची आखणी अंदाजाकडून गणिताकडे वळली. अशा गुरूपाशी बसलेला मनुष्य परक्याचा आराखडा कागदावर ठेवून त्यावरून पेन्सिल फिरवील, हे मुळातच संभवनीय दिसत नाही. तथापि गुरूच्या नावावर शिष्यास निर्दोष ठरविणे हा काही पुरावा नव्हे, म्हणून पुढे जाऊ.

ज्या कारखान्यात हे काम झाले तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये उभारला. तेथे आधी अमेरिकेहून आलेल्या भागांची हार्लो जातीची शिकाऊ विमाने जुळविली गेली. नंतर युद्धाची निकड वाढली, कारखाना सरकारच्या ताब्यात गेला, आणि दोस्त सैन्याच्या विमानांची दुरुस्ती हाच त्याचा मुख्य उद्योग झाला. स्वातंत्र्यानंतर तेथे पर्सिव्हल प्रेंटिस हे इंग्रजी शिकाऊ विमान परवान्याने बांधू लागले. प्रेंटिसमध्ये दोन बैठका शेजारीशेजारी व तिसरी मागे, आणि एंजिन अडीचशे अश्वशक्तीचे. इतके असूनही ते अंगाने जड व चालीने मंदच राहिले. म्हणजे घाटगे यांच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे रोज जे विमान तयार होत होते ते चिपमंक नव्हे, प्रेंटिस होते. नक्कलच करावयाची तर तिचे सर्व नकाशे घरातच होते. त्यांनी ती वाट सोडली, आणि ५ ऑगस्ट १९५१ रोजी जमशेद मुन्शी यांनी एचटी-२ चे पहिले उड्डाण केले.

आता एंजिनाची कुळी पाहू. आमच्या मते या कथेतील सर्वांत रम्य भाग तोच आहे. १९२५ च्या सुमारास फ्रँक हॅलफर्ड या इंग्रज अभियंत्याने पहिल्या महायुद्धातील शिल्लक पडलेले आठ सिलिंडरांचे रेनॉ एंजिन घेतले, त्याचे अर्धे अंग वापरून चार सिलिंडरांचे हलके एंजिन सिद्ध केले, व त्याचे नाव ठेविले सिरस. ते बसवून जेफ्री डी हॅविलंड यांनी फेब्रुवारी १९२५ मध्ये पहिले मॉथ उडविले, आणि खाजगी माणसाला परवडेल असे विमान प्रथमच जगापुढे आले. जुन्या एंजिनांचा साठा संपत आला तेव्हा डी हॅविलंडने त्याच हॅलफर्डकडून जिप्सी हे नवे एंजिन करवून घेतले. पुढे जिप्सी उलटे टांगण्यात आले: सिलिंडर खाली, दांडा वर. त्यामुळे वैमानिकाची नजर मोकळी झाली व प्रोपेलर जमिनीपासून उंच राहिला. हेच जिप्सी मेजर टायगर मॉथमध्ये बसले, आणि त्याची सुधारलेली आवृत्ती चिपमंकमध्ये. इकडे सिरसचे घराणे निराळ्या मालकांच्या हाती वाढत गेले. तेही उलटे झाले आणि सिरस मेजर म्हणून नावारूपास आले. एचटी-२ चा पहिला नमुना जिप्सी मेजर घेऊन उडाला. फेब्रुवारी १९५२ मध्ये उडालेल्या दुसऱ्या नमुन्यात १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर आले व तेच कायम झाले. तेव्हा दोन्ही विमानांची नाके सारखी दिसतात याचे कारण इतकेच, की त्यांत चुलतभाऊ बसलेले आहेत. लांबट, उलट्या, चार सिलिंडरांच्या एंजिनाभोवती कोणीही आवरण घातले तरी ते तसेच दिसणार.

वजने आणि मापे तर याहून बोलकी आहेत. चिपमंकचा पंखविस्तार ३४ फूट ४ इंच, एचटी-२ चा ३५ फूट २ इंच. शनिवार पेठेत ओंकारेश्वराकडे उतरणाऱ्या एखाद्या बोळात यांतील कोणतेही नेऊ म्हटले तर दोन्ही हातांचे वाडे आधी पाडावे लागतील; शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात मात्र ती सुखाने उभी राहतील. चिपमंकचे भरलेले वजन सुमारे २,०१४ पौंड व अश्वशक्ती १४५. एचटी-२ चे वजन २,२४० पौंड व अश्वशक्ती १५५. टायगर मॉथचे वजन १,८२५ पौंड व अश्वशक्ती १३०. भागाकार करून पाहावा. टायगर मॉथमध्ये एका अश्वशक्तीच्या वाट्यास १४ पौंड येतात, चिपमंकमध्येही जवळजवळ तितकेच, आणि एचटी-२ मध्ये साडेचौदा. तीन देश, तीन आखणारे, वीस वर्षांचे अंतर, आणि उत्तर एकच. शिकाऊ मनुष्यास सांभाळता येईल पण आळशी वाटणार नाही अशा विमानास इतके बळ लागते, हे कोणी कोणाचे पाहून ठरविलेले नाही.

दुसरा भागाकार पंखांचा. टायगर मॉथच्या दोन्ही पंखांचे मिळून क्षेत्र सुमारे २३९ चौरस फूट, म्हणून एका चौरस फुटावर साडेसात पौंडांच्या आसपास भार. नव्या दोन्ही विमानांचे क्षेत्र १७२-१७३ चौरस फुटांच्या घरात, पण भार चिपमंकचा पावणेबारा व एचटी-२ चा सुमारे तेरा पौंड. खरा भेद येथे आहे. भार जितका अधिक तितके विमान उतरताना वेगाने येते व शिष्याकडून सावधपणा मागते. एचटी-२ दहा अश्वशक्तींनी बलिष्ठ, पण सव्वादोनशे पौंडांनी जड. म्हणून त्याचा कमाल वेग ताशी १३० मैल, तर चिपमंकचा १३८. पंखाचे क्षेत्र जवळजवळ तेच ठेवून वजन एवढे वाढविणे हे नकलकाराचे लक्षण नव्हे. नकलकार आकड्यांनाही हात लावीत नसतो. चिपमंकच्या पंखाचा मागचा भाग व हलती अंगे कापडाने मढविलेली होती. ऊन आणि पाऊस आलटूनपालटून खाणाऱ्या आपल्या हवेत कापडाचे काय होते हे छत्री वापरणारा प्रत्येक पुणेकर जाणतो. घाटगे यांचे विमान धातूचे होते, आणि आमच्या मते त्या जादा वजनाचा एक भाग तरी योग्य ठिकाणी खर्च झाला. परंतु सरळ स्पर्धेत चिपमंक अधिक चपळ ठरते, हे कबूल केलेच पाहिजे. मागणीतही तेच पुढे राहिले. कॅनडा, ब्रिटन व पोर्तुगाल मिळून १,२८३ चिपमंक बांधली गेली. एचटी-२ ची संख्या पावणेदोनशेच्या आतच राहिली.

एचटी-२ आपल्या वायुदलात व नागरी उड्डाणशाळांत अनेक वर्षे राबले. १९५९ मध्ये घानाने आपले वायुदल उभारले तेव्हा बारा एचटी-२ तिकडे गेली. पुढे त्याच वायुदलात चिपमंकही दाखल झाले, आणि हे दोन दूरचे भाऊबंद आफ्रिकेत एका अंगणात आले.

आता, नक्कल कोठेच झाली नाही असे आम्ही म्हणत नाही. सप्टेंबर १९५८ मध्ये उडालेले पुष्पक हे उंच पंखाचे, शेजारीशेजारी दोन बैठकांचे, नव्वद अश्वशक्तीचे विमान अमेरिकेतील एरोंका चीफ या विमानावर बेतलेले होते. तेथे साम्य आकारात आहे तसे बांधणीतही आहे. उड्डाणशाळांना स्वस्त विमान हवे होते व ते दीडशेंहून अधिक संख्येने मिळाले, म्हणून त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. पुष्पक मुळात कुबेराचे व रावणाने ते त्याच्याकडून घेतले, ही कथा नाव ठेवणाऱ्यांस ठाऊक होती की काय कोण जाणे! असो.

डॉ. घाटगे पुढे किरण या जेट शिकाऊ विमानाकडे वळले. ते १९६४ मध्ये उडाले. १९९१ मध्ये बंगळुरात त्यांचे निधन झाले. प्रोपेलरच्या शिकाऊ विमानाची गादी एचपीटी-३२ कडे गेली. १९७७ मध्ये प्रथम उडालेल्या या विमानाचे एंजिन हवेत बंद पडण्याचे प्रकार वारंवार होऊ लागले, वैमानिक मृत्यू पावले, आणि जुलै २००९ मधील अपघातात दोघे गेल्यानंतर ती सर्व विमाने जमिनीवर ठेवण्यात आली. २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या पिलाटस कंपनीशी पंचाहत्तर विमानांचा करार झाला. ज्या देशाने १९५९ मध्ये दुसऱ्याच्या वायुदलास पहिले धडे देणारी विमाने पाठविली, त्याला आपल्या मुलांच्या पहिल्या धड्यासाठी बाहेर जावे लागले. एचटी-२ ला नक्कल म्हणून हिणविणाऱ्यांनी या पन्नास वर्षांकडे पाहावे. जे खरोखर आपले होते त्याची पुढची पायरी वेळीच रचली गेली नाही, ही आमची खंत आहे.

आता एचटीटी-४० आले आहे. ३१ मे २०१६ रोजी ते बंगळुरात प्रथम उडाले, मार्च २०२३ मध्ये वायुदलाने सत्तर विमानांची मागणी नोंदविली, आणि बंगळुराच्या जोडीला नाशिकच्या कारखान्यातही त्याच्या बांधणीची सोय करण्यात आली. बैठका पुन्हा एकामागे एक, पंख पुन्हा खालीच; चाके मात्र मिटणारी, आणि बळ अकराशे अश्वशक्तींचे, म्हणजे एचटी-२ च्या सातपट. ते एंजिन अमेरिकेतील हनीवेल कंपनीचे आहे.