साठ डॉलरचा टर्नटेबल आणि अब्बांचे कान

अब्बांनी रेकॉर्ड ऐकणं सोडलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. नाराजी वगैरे काही नव्हती. पेटीसारखा जो जुना प्लेअर घरात होता त्याची सुई मिळेनाशी झाली, नंतर मोटर गेली, आणि तोवर अब्बांचे कानही कमी झाले. रेकॉर्डी मात्र त्यांनी कुणाला दिल्या नाहीत. कपाटाच्या खालच्या कप्प्यात उभ्या लावून ठेवल्या. त्यातली एक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची.

आम्ही मिरजेचे. खाँसाहेबांची कबर इथल्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात त्यांच्या नावाने गाणं होतं, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी वेगळं सांगायला नको. ते १९३७ साली गेले. त्यांचा आवाज आपल्यापर्यंत आला तो तीन-सव्वातीन मिनिटांच्या लाखेच्या तबकड्यांतून. पुढे कंपनीने त्या जुन्या तबकड्या एकत्र करून लाँग प्ले रेकॉर्ड काढली, ती अब्बांनी नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत घेतली होती.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक टर्नटेबल घेतला. अगदी सुरुवातीच्या किमतीतला, शिक्षकाच्या पगाराला झेपेल असा. घरातल्या जुन्या अॅम्प्लिफायरला जोडला, रेकॉर्ड लावली, आणि जे ऐकू आलं त्याने माझाच चेहरा पडला. आवाज पातळ, दूरवरून आल्यासारखा. खर्ज नाहीच. आवाज वाढवावा तर खालून गुंऽऽ अशी घरघर. एका जाणकार म्हणवणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "सर, स्वस्तातला आहे, असाच वाजणार. चांगलं ऐकायचं तर लाखभर काढा."

हे वाक्य मला लागलं. चांगलं शिक्षण, चांगलं औषध, सगळीकडे आपण हेच ऐकतो. ते खरं आहे की खपवलेलं आहे, हे शोधण्याची मला सवय आहे. शोधता शोधता मला एडगर विलचर हा माणूस सापडला.

आधी अडचण काय ती समजून घेऊ. रेकॉर्डच्या खाचेत सुई जी वळणं वाचते ती केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक असतात. म्हणजे सुईला एवढंसं हललेलंही कळतं. पण ते हलणं गाण्याचं की मोटरचं, हे तिला कळत नाही. मोटर थरथरली, जमीन हादरली, कुणी दार आपटलं, सगळं ती गाणं समजूनच पुढे पाठवते. १९५०च्या दशकातल्या बहुतेक यंत्रांत मोटरला चिकटून एक रबरी चाक असायचं आणि ते तबकडीखालची थाळी कडेने फिरवायचं. मोटरची थरथर त्या चाकातून थेट थाळीत. त्यावर तेव्हाचा उपाय म्हणजे वजन. थाळी जड करा, मोटर मोठी घ्या, सगळं घासूनपुसून अचूक बनवा. इंग्लंडच्या गॅरार्डने आणि स्वित्झर्लंडच्या थोरेन्सने अशी सुरेख यंत्रं केली. ती आजही लोक जपतात. पण वजन आणि अचूकपणा यांना पैसे पडतात, त्यामुळे चांगला आवाज श्रीमंताघरी राहिला.

विलचरचा जन्म १९१७चा, न्यूयॉर्कचा. शिक्षण कलेच्या इतिहासाचं. इंजिनिअरिंगची पदवी नाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्सचं काम त्याच्या वाट्याला आलं. युद्धानंतर त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं आणि न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनी पुनर्निर्मितीचा वर्ग शिकवू लागला. म्हणजे आमच्याच जातकुळीतला, मास्तर! १९५४ साली हेन्री क्लॉस नावाच्या आपल्या विद्यार्थ्याबरोबर त्याने केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे 'अकूस्टिक रिसर्च' ही कंपनी सुरू केली. तोवर भरीव खर्जासाठी कपाटाएवढा स्पीकर लागायचा. विलचरने पुस्तकांच्या फळीवर बसेल अशा बंद खोक्यातून तो काढून दाखवला. खोक्यात कोंडलेली हवाच त्याने स्प्रिंगसारखी वापरली. पहिल्या नमुन्यात पडद्याच्या कडेला लावायचं लवचीक कापड त्याच्या पत्नीने, रोझमेरीने, गादीच्या कापडातून बेतलं होतं. ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा मुलींच्या बाकांवरून एकदम हालचाल झाली.

१९६१ साली त्याने टर्नटेबल बाजारात आणला. किंमत साठ डॉलरच्या आसपास. त्यात त्याने वजन वाढवलंच नाही, त्याऐवजी वेगळा प्रश्न विचारला. हादरे बंद करता येत नसतील तर ते सुईपर्यंत पोहोचणार नाहीत असं करता येईल का?

त्याने थाळी आणि सुईचा दांडा हे दोन्ही इंग्रजी टी अक्षरासारख्या एकाच धातूच्या आडणीवर बसवले. ती आडणी तीन स्प्रिंगांवर टांगली. मोटर मात्र वेगळी, वरच्या पत्र्याला. दोघांमध्ये दुवा फक्त एका रबरी पट्ट्याचा. मोटरची थरथर पट्ट्यातच विरते. टेबल हादरलं तर थाळी आणि दांडा दोघंही एकदमच संथ हेलकावतात. एका झोपाळ्यावर बसलेल्या दोघांना एकमेकांचं तोंड स्थिर दिसतं ना, तसंच सुईला रेकॉर्ड स्थिर भासते. मोटरही छोटी, स्वस्त, घड्याळात असते तशा जातीची. विजेच्या लहरींच्या ठेक्यावर चालणारी, त्यामुळे वेग पक्का. यंत्र वाजत असताना त्याच्या लाकडी बैठकीवर ठोकून दाखवत, सुई उडत नसे.

काटकसर त्याने भलत्या जागी केली नाही. एकामागून एक रेकॉर्डी आपोआप पाडणारी यंत्रणा तेव्हा फॅशनमध्ये होती, ती त्याने दिली नाही. सुई हाताने ठेवा, हाताने उचला. शोभेची बटणंही नव्हती. दांडा मात्र जरा गरीबच राहिला, हे त्याच्या चाहत्यांनीही कबूल केलं आहे. अनेकांनी पुढे तो बदलून घेतला.

मला सर्वांत आवडली ती त्याची विक्रीची तऱ्हा. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात कंपनीने एक खोली घेतली होती. तिथे यायचं, बसायचं, ऐकायचं. विकत काहीच मिळत नसे. गाडीला वेळ असलेला कुणीही प्रवासी आत येऊन गाणं ऐकून जाई. शिवाय त्यांनी जाहीर कार्यक्रम केले, ज्यात मंचावरचे वादक मध्येच वाजवणं थांबवायचे आणि स्पीकर पुढे चालू ठेवायचे. कधी बदल झाला ते श्रोत्यांनी ओळखायचं. त्याला माल खपवायचा होताच, पण ग्राहकाच्या कानाची परीक्षा घेऊन.

पुढे काय झालं, तेही गमतीचं आहे. हाच टांगलेला सांगाडा आणि रबरी पट्टा थोरेन्सने १९६५ मध्ये उचलला. १९७०च्या दशकात स्कॉटलंडच्या लिनने त्यावरच आपलं नाव कमावलं, आणि जी कल्पना स्वस्ताईसाठी जन्मली तीच हळूहळू महागड्या यंत्रांची खूण झाली. त्याच दशकात इंग्लंडच्या रेगाने उलट वाट धरली. त्यांनी स्प्रिंगा काढून टाकल्या, सगळं हलकं आणि ताठ केलं. आजचे बरेच सुरुवातीचे टर्नटेबल त्याच वळणाचे, पट्टा आहे पण टांगणी नाही. माझाही तसाच. म्हणजे विलचरने स्प्रिंगांकडून जे काम करून घेतलं ते माझ्या यंत्रात कुणीच करत नव्हतं. घरघर तिथून येत होती!

आमच्या गल्लीत तंतुवाद्यं करणारे एक चाचा आहेत. त्यांना बोलावलं. त्यांनी टर्नटेबलकडे बघितलंही नाही, ज्या टेबलावर तो ठेवला होता त्यावर बोटांनी टिचकी मारली. "ये तो खुद बज रहा है, मास्टर." मग हसले. त्यांचं सगळं आयुष्य लाकूड बोलतं करण्यात गेलेलं, आणि इथे मला लाकूड मुकं हवं होतं. त्यांच्याच सांगण्यावरून भिंतीत दोन लोखंडी कोन ठोकले, वर कडप्प्याचा तुकडा, खाली जाड रबराचे चार तुकडे. गवंड्याकडून लेव्हल आणून तो चारी बाजूंनी समतल केला. स्पीकर त्याच टेबलावर होते ते खाली स्टुलांवर नेले. घरघर जवळजवळ गेली.

पातळ आवाजाचं कारण तर लाजिरवाणं निघालं. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि तार वाढवून कोरतात, नाहीतर खर्जाच्या रुंद वळणांनी खाच भरून जाईल आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावणारच नाहीत. वाजवताना तेवढंच उलट करावं लागतं. हे प्रमाण अमेरिकेत १९५४ साली ठरलं आणि नंतर सगळीकडे तेच रुजलं. उलट करणारं सर्किट माझ्या टर्नटेबलच्या पोटात होतंच, मागच्या बाजूला एक बारीक खटका होता, तो बंद. मी तो सरकवला. लाखभर रुपयांचा सल्ला आणि एक खटका.

मग सुईचं वजन. आमच्या जुन्या पेटीतली सुई खाचेवर किती ग्रॅमने बसत होती, देव जाणे. त्या काळच्या सिरॅमिक जातीच्या सुया पाच-सहा ग्रॅमनेही बसत. आताच्या चुंबकी जातीच्या बऱ्याच सुयांना दीड-दोन ग्रॅम पुरतात. छोट्या काट्यावर तोलून, माहितीपत्रकात दिलं होतं तेवढं लावलं. कागदी मापावर सुईचा कोन जुळवला, त्यात एक अख्खी दुपार गेली. वजन कमी ठेवलं तर रेकॉर्ड वाचते असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. फार हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि तीच खाच खरवडते.

रेकॉर्ड धुतली. डिस्टिल्ड वॉटर, मऊ कापड, मधल्या कागदाला पाणी लागू न देता, खाचेच्या दिशेने. कापडावर जे काळं आलं त्यात आमच्या घराचा अर्धा इतिहास असावा.

लाखेचंही सांगितलं पाहिजे. जुन्या तबकड्या ज्या लाखेच्या होत त्या लाखेचा जगाला मोठा पुरवठा आपल्याकडून, छोटा नागपूरच्या जंगलांतून होई. महायुद्धात अमेरिकेला ती मिळेनाशी झाली, रेकॉर्डींसाठी वापरावर निर्बंध आले, आणि कंपन्या प्लॅस्टिककडे वळू लागल्या. १९४८ साली कोलंबियाने विनाइलची लाँग प्ले रेकॉर्ड आणली त्यामागे हेही एक कारण होतं. अब्बांच्या हातातली रेकॉर्ड विनाइलची, पण तिच्यात कोरलेली खरखर लाखेची आहे. ती मूळ तबकडीसोबतच आलेली. धुऊन, तोलून, काही करून ती जाणार नव्हती. जुन्या जड सुईने खाचेची जी झीज केली तीही जाणार नव्हती. बाजूच्या शेवटी शेवटी आवाज अजून फाटतो. पण आता ऐकताना कळतं की ही खरखर १९३०च्या दशकातली, हे फाटणं आमच्या घरातलं, आणि यांच्या मागे, दोघांपासून वेगळा, खाँसाहेबांचा गळा.

आता अब्बांचे कान. अम्मीची नेहमीची तक्रार, "हळू बोललं तर ऐकत नाहीत, मोठ्याने बोललं तर म्हणतात ओरडतेस कशाला." आम्ही हे स्वभावावर ढकललं होतं. विलचरने १९६७ साली कंपनी विकली आणि पुढचं आयुष्य नेमक्या याच तक्रारीला दिलं. वयाने कान जातात तेव्हा हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र बहुधा पूर्वीइतकाच मोठा लागतो. मधली जागाच आक्रसते. जुनी श्रवणयंत्रं सगळं सारखंच वाढवत, त्यामुळे कुजबुज ऐकू यावी तर ताटलीचा आवाज डोक्यात जाई. विलचरने आवाजाच्या पट्ट्या पाडून, हळू आवाजाला जास्त आणि मोठ्याला कमी उचलण्याची पद्धत मांडली. १९७३ साली ती छापली आणि तिचं पेटंट घेतलं नाही, कुणीही वापरावी म्हणून. आजच्या श्रवणयंत्रांत हीच पद्धत चालते. तो २०११ साली वारला. अब्बांच्या दोन्ही कानांत गेल्या वर्षापासून जे बसलं आहे, त्यातही त्याचं काम आहे.

जुम्म्याची नमाज पढून, जेवून अब्बा आरामखुर्चीत बसले तेव्हा मी रेकॉर्ड लावली. आवाज फार ठेवला नाही. भैरवी सुरू झाली. अब्बा डोळे मिटून बसले, मला वाटलं झोपले. मग हात वर करून म्हणाले, "रुक. पीछे से लगा."

मी सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली.

"तबला है इसमें," अब्बा म्हणाले. "इतने साल सुना, ठीक से कभी सुनाई नहीं दिया. कौन बजा रहा? कव्हर दे, चष्मा दे."

कव्हर कधीच पावसात भिजून गेलं होतं. रेकॉर्ड मी साध्या खाकी कागदात ठेवली आहे. तसं सांगितलं तर म्हणाले, "ठीक है, दूसरी बाजू लगा," आणि खुर्ची हाताने सरकवत स्पीकरकडे घेऊ लागले. अम्मी स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, पलीकडच्या घरात आजारी माणूस आहे!" अब्बांनी लगेच वळून पाहिलं.